उपरी मनुष्य : शास्त्रात व आपल्या मराठी ग्रंथांत

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति १६; रूथ २; लूक १०:२५-३७.)

जुन्या काळी आपल्या दख्खनच्या गावांत जमीन कसणारांचे दोन वर्ग मानीत असत. एक मिरासदार व दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित असे. ती त्यास विकता येई, मुलाबाळांस देता येई, आणि गावाच्या बैठकीत त्याच्या शब्दास वजन असे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. तो गावात वीस वर्षे नांदला, त्याची मुले तेथेच जन्मली आणि तेथेच त्यांची लग्नकार्ये झाली, तरी लोक त्याला उपरीच म्हणत. आणि ह्या दोघांच्याही पलीकडे, वेशीबाहेर, आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील राहत असत. गावची राखण करणे, निरोप पोचविणे, मेलेले जनावर ओढणे, दोर वळणे, हलगी वाजविणे ही सर्व कामे त्यांच्या अंगावर. परंतु गावच्या विहिरीस हात लावण्याची त्यांस मुभा नव्हती.

ज्या विद्वानांनी आपले मराठी शास्त्र सिद्ध केले, त्यांना परमुलखातून येऊन राहिलेल्या मनुष्यासाठी शब्द हवा होता. त्यांनी ‘परदेशी’ या शब्दाच्या जोडीला हाच गावकीतला ‘उपरी’ शब्द घेतला, आणि आमच्या मते फार योग्य केले. अब्राहामाची पत्नी सारा मरण पावली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जागा त्याच्या मालकीची नव्हती. ज्याला देवाने सर्व देश देऊ केला होता, तो मनुष्य हेथी लोकांपुढे उभा राहतो, आपण येथे उपरी आहो अशी कबुली देतो, आणि कबरेसाठी जागा विकत मागतो (उत्पत्ति २३). पुढे लेवीयाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वर जमिनीची मालकी सर्वस्वी आपल्याकडे ठेवितो आणि साऱ्या इस्राएलास उपऱ्यांच्या पंक्तीस बसवितो. तेथे मिरासदार असा कोणी उरतच नाही.

या पाठात आपणांस एवढेच पाहावयाचे आहे की, ग्रंथ लिहिणारे लोक अशा परक्या मनुष्याचे चित्र कसे काढितात. त्याला नाव देतात की नाही, आणि त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू देतात की नाही. कोणी बंधू म्हणतील, खेड्यातील उपदेशकास ग्रंथकारांच्या लेखणीशी काय कर्तव्य? आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. ज्या मंडळीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षरओळख नाही, तेथे उपदेशकाची जीभ हाच ग्रंथ असतो. तो कीर्तनात, शब्बाथ शाळेत व नाताळच्या नाटकात ज्या मनुष्याला जसे उभे करील, तसाच तो मनुष्य ऐकणाऱ्या मुलांच्या मनात वर्षानुवर्षे उभा राहतो.

हागारेपासून आरंभ करू. ती मिसर देशाची, दासी म्हणून परक्या घरी राहिलेली. उत्पत्तीचा १६ वा अध्याय सावकाश वाचावा. साराय व अब्राम तिच्याविषयी पुष्कळ बोलतात. परंतु तिचे नाव त्या दोघांच्याही तोंडून एकदाही निघत नाही. साराय म्हणते, माझी दासी. अब्राम म्हणतो, तुझी दासी. लेखकास तिचे नाव ठाऊक आहे व तो ते आपणांस पहिल्याच वचनात सांगून ठेवितो. त्या घरातल्या माणसांना मात्र त्या नावाची गरज पडत नाही. मग छळ असह्य होऊन ती रानात पळते, आणि तेथे झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला नाव घेऊन हाक मारतो. कोठून आलीस व कोठे जातेस, असेही तिला विचारतो. सबंध अध्यायात तिला कोणी काही विचारले असे हे पहिलेच ठिकाण होय. आणि जिला घरात कोणी नावाने बोलावीत नव्हते, तीच स्त्री तेथे देवाला एक नाव देते. आपणांस पाहणारा देव, अशा अर्थाचे. मोठ्या घरी धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या बाया हा भाग ऐकताना मान हलवितात, ते उगीच नव्हे.

रूथच्या पुस्तकावर मात्र आपण अधिक वेळ थांबले पाहिजे, कारण परक्या मनुष्याचे इतके पूर्ण चित्र शास्त्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि ते चित्र शेतातले आहे. रूथ ही मवाबी. मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये, असा कडक निर्बंध अनुवादाच्या २३ व्या अध्यायात आहे. हे पुस्तक तो प्रकार झाकून ठेवीत नाही. ‘मवाबी’ हा शब्द तिच्या नावाला पुन्हा पुन्हा चिकटलेला दिसतो, जसा आपल्याकडे एखाद्याच्या नावापुढे त्याच्या जातीचा शब्द चिकटलेला असे. ती सातूच्या हंगामाच्या आरंभी बेथलेहेमात येते, आणि सासूची परवानगी घेऊन सरवा वेचण्यास जाते.

सरवा म्हणजे काय हे परभणीच्या बायांना समजावून सांगण्याची गरज नाही. कापणी झाल्यावर मागे राहिलेली ज्वारीची कणसे वेचणाऱ्या बाईला शेतधन्याची नजर, गड्यांची थट्टा आणि हाकलून लावल्यास मागे वळून न पाहता चालू लागणे, हे सर्व माहीत असते. इस्राएलाच्या नियमशास्त्रात हा सरवा दरिद्र्यांचा व उपऱ्यांचा हक्क म्हणून लिहून ठेविला होता (लेवीय १९:९, १०). शेताच्या कडा साफ कापावयाच्या नाहीत, पडलेले उचलावयाचे नाही. तरी कागदावरचा हक्क आणि बांधावरचा अनुभव यांत अंतर असते, हे त्या काळीही खरे होते. नाहीतर नामीने आपल्या सुनेची इतकी काळजी केली नसती.

बवाज शेतात येतो व मुकादमास विचारतो, ही मुलगी कोणाची? मुकादम उत्तर देतो, पण नाव सांगत नाही. ती मवाबी मुलगी, नामीबरोबर आलेली, एवढेच सांगतो. त्याच्या मनात काही वाईट नाही. उलट ती सकाळपासून राबते आहे असे चांगलेच तो बोलतो. पण त्याच्या दृष्टीला तिच्या मुलखाचे नाव पुरेसे आहे. बवाज तिला ‘माझ्या मुली’ असे म्हणतो. मग तो तीन गोष्टी करितो, आणि लेखक त्या तिन्ही नीट नोंदवून ठेवितो. गड्यांनी तिला हात लावू नये असा हुकूम देतो. तहान लागली म्हणजे गड्यांनी भरून ठेविलेल्या भांड्यांतून तिने पाणी प्यावे असे सांगतो. आणि जेवणाच्या वेळी तिला कापणारांच्या शेजारी बसवून आपल्या हाताने हुरडा देतो. ती पोटभर खाते व उरलेले सासूसाठी राखून ठेविते.

दुसऱ्या देशाच्या वाचकाला ह्या पाण्याच्या भांड्याचे फारसे महत्त्व वाटणार नाही. आपल्याला वाटते. ज्यांच्या आजीपणजीला ओंजळीत वरून पाणी ओतीत असत, त्यांना रूथ २:९ हे वचन शिकविण्यास टीकाग्रंथ लागत नाही. कित्येक टीकाकार येथे बवाजाच्या उदारपणावर दोन पाने लिहितात व पाण्यावरून सहज पुढे जातात, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

आणखी एक पाहा. रूथ स्वतः बोलते. आपण परकी असता आपणांवर कृपादृष्टी का, असा प्रश्न ती बवाजास उघड विचारते. नामीबरोबर येताना रस्त्यात ती जे बोलली ते तर सर्वांना पाठ आहे. लेखक तिच्यावतीने बोलत नाही. तिच्या तोंडून बोलवितो. सायंकाळी तिने जे झोडपले ते सुमारे एक एफा भरले, म्हणजे अदमासे २२ लिटर सातू. एका दिवसाच्या सरव्याला हे फारच झाले, आणि त्याचे कारणही लिहिले आहे की बवाजाने पेंढ्यांतून मुद्दाम गळू द्यावे असे गड्यांना सांगितले होते. शेवटी गावच्या बाया तिच्या बाळाला ओबेद नाव ठेवितात, आणि तो दावीद राजाचा आजा होतो. मत्तय आपल्या पहिल्याच अध्यायात प्रभूच्या वंशावळीत रूथ व राहाब ह्या दोन परक्या स्त्रियांची नावे घालतो. ती गाळली असती तरी वंशावळ तुटली नसती, कारण अशा यादीत बायांची नावे घालण्याची चालच नव्हती.

आता आपल्या मराठी ग्रंथांकडे वळू. गोदावरी पैठणाहून वाहत येऊन आपल्या जिल्ह्यात गंगाखेडास पोचते. पैठणास सोळाव्या शतकात एकनाथ झाले. त्यांनी आपल्या भारुडांत महार, फकीर, गारुडी, कोल्हाटीण, जोशी, आंधळा, बहिरा अशा नाना प्रकारच्या लोकांना बोलते केले, आणि एका रचनेत हिंदू व तुर्क यांचा समोरासमोर वादही घातला. तप्त वाळवंटात रडणारे महाराचे मूल त्यांनी उचलून कडेवर घेतले, अशी कथा सर्वत्र सांगतात. त्या काळच्या ब्राह्मण कवीने महाराच्या तोंडी उपदेश घालावा आणि तो गावाने ऐकावा, हे मोठेच धैर्य होते; त्याची थोरवी मान्य करण्यात ख्रिस्ती मनुष्याने कृपणता करू नये. तथापि त्या भारुडांत जो महार जोहार करून बोलतो, त्याच्या शब्दांत वेदान्त एकनाथांचा आहे. त्याला मजुरी किती मिळते, तो पाणी कोठून आणितो, त्याचे नाव काय, हे आपणांस तेथे समजत नाही.

त्याच नदीच्या काठी, गंगाखेडास, एकनाथांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे जनाबाई जन्मली असे परंपरा सांगते. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली. (दामाशेटींचे पुत्र नामदेव, त्यांचे म्हणून मानलेले नरसी गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा झाला तोपर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते.) जनाबाईच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, केरवारा आहे, शेणी वेचणे आहे, आणि तिचा देव त्या कामांत तिला हात लावतो. आम्ही तिच्या दैवताविषयी येथे वाद घालीत नाही. लिहिणाराच्या दृष्टीने पाहावयाचे ते इतकेच की, दुसऱ्याच्या घरची मोलकरीण येथे स्वतः बोलते, आणि ती बोलू लागताच जात्याचा आवाज ऐकू येतो. हागारेने अभंग रचिले असते तर ते असेच काही असते, असे आम्हांस वाटते.

मंगळवेढ्याचे चोखामेळा यांची गोष्ट याहून अवघड आहे. ते महार जातीचे संत. १३३८ साली मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्याखाली मरण पावले आणि त्यांची समाधी पंढरपुरास देवळाच्या महाद्वारासमोर आहे. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी शतकानुशतके मोठ्या प्रेमाने गाइले. परंतु त्यांच्या जातीच्या लोकांस त्या देवळात जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. म्हणजे सहाशे वर्षे त्यांची वाणी गाभाऱ्यापर्यंत जात होती आणि त्यांचे जातभाई दाराशी थांबत होते. परक्याचे काव्य आवडणे आणि परका मनुष्य आत येणे ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या राहू शकतात. आपल्या उपासनेतही गीते सर्वांची गाइली जातात. चटईवर कोण कोणाशेजारी बसतो, हे मात्र गीतांवरून कळत नाही.

पुढील गोष्ट आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक मुलामुलीस ठाऊक असावी. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. हे पत्र १८४२ साली अहमदनगरास निघाले होते, आणि मिशनची मराठी पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांत पाद्री, शिक्षक व विद्वान यांचे लेख किती असत हे माहीत आहे. त्यांत ही शाळकरी मुलगी उभी राहिली.

तिने काय लिहिले? वेद वाचण्याचा अधिकार जर आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. जुन्या राजवटीत मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून कसे पुरीत, तालमीपुढून जाणाऱ्याची काय गत करीत, हे तिने सांगितले. आपल्या जातीच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, हेही लिहिले. हा शेवटचा मुद्दा पुरुष लेखकाला सुचला असता की नाही याची शंका आहे. आणि मग ती आपल्याच लोकांकडे वळून त्यांना ज्ञानाचे औषध घ्या म्हणून विनविते. तिच्या लेखात दया मागितलेली नाही. जाब विचारला आहे.

ह्या निबंधाशेजारी मिशनचे जुने अहवाल ठेवून पाहावे. त्यांत आपले वाडवडील पुष्कळदा आकड्यांच्या रूपाने येतात. अमुक गावी इतके बाप्तिस्मे, तमुक गावी इतके उमेदवार. त्या अहवालांनी शाळा व दवाखाने उभे राहिले, म्हणून त्यांविषयी आम्ही कृतज्ञच आहो. परंतु पणजोबाचे नाव शोधू जावे, तर कित्येकदा ते सापडत नाही. मुक्तेचे नाव मात्र कोणालाही सापडते.

मांग-महार निदान गावाच्या कडेला होते. ज्यांना तेवढीही जागा नव्हती त्या फिरस्त्यांविषयी आता थोडे सांगावयाचे आहे. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ निघाला. आत्रे महसूल खात्यात होते, त्यांनी खेडी डोळ्यांनी पाहिली होती, आणि जुना गाव कसा चालत होता हे समजून घ्यावयाचे असल्यास आजही ह्या ग्रंथावाचून गत्यंतर नाही. त्यात फिरस्त्या जातींवर पुष्कळ मजकूर आहे. कोण कोठून येतात, काय विकतात, काय मागतात, कोणत्या युक्त्या करितात, हे बारकाईने सांगितले आहे. पण हे सर्व कुणब्याच्या ओट्यावर बसून पाहिलेले आहे. फिरस्ता हा तेथे कुणब्याच्या कणगीवर पडणारा भार आहे. रात्री पालात तो आपल्या लेकरांशी काय बोलतो, हे त्या ओट्यावरून दिसण्याजोगे नव्हते.

त्याच सुमारास कायद्याची भाषाही तशीच होती. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. त्या जमातीत जन्मलेल्याची नोंद पोलिसांकडे होई, त्याला हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. पुढे त्यांना तारांच्या कुंपणात वसाहती करून ठेविले, आणि त्यांतील काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही चालविल्या, हे आपण विसरू नये. सुवार्ता सांगणारे आणि हजेरी घेणारे तेथे एकच होते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथील कायदे निराळे होते, तरी ‘गुन्हेगार जात’ हा शब्द इकडेही आला आणि रुळला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरून शब्द गेला; गावच्या पारावरून तो अजून गेलेला नाही.

पालातला मनुष्य स्वतः लिहू लागण्यास १९८० साल उजाडले. त्या साली लक्ष्मण माने यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्याचे नावच त्यांनी ‘उपरा’ असे ठेविले. मिरासदार व उपरी यांच्या काळापासून जो शब्द दुसरे लोक लावीत आले, तो येथे त्या मनुष्याने स्वतः उचलून आपल्या पुस्तकावर लावला. टोपल्या विणणाऱ्या, गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत जातो, याची ती हकीकत आहे. १९८१ साली त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ निघाले. तेही नाव म्हणजे पोलिसांनी व गावाने दिलेली शिवीच होय. ह्या पुस्तकांतली भाषा कित्येक ठिकाणी उग्र आहे. वर्गात वाचून दाखविण्यापूर्वी उपदेशकाने ती स्वतः वाचून घ्यावीत. पण वाचावीत अवश्य. ‘गावगाडा’ वाचल्यावर ‘उपरा’ वाचणारास असे वाटते की, इतकी वर्षे ओट्यावरून पाहिलेल्या पालाची कनात कोणीतरी आतून वर केली आहे.

आता आपल्या घरी येऊ. नाताळात व युवकसंघाच्या मेळाव्यात आपली मुले दयाळू शोमरोन्याचे नाटक करितात. आम्ही ते अनेक गावी पाहिले आहे. यरीहोच्या वाटेवर जे लुटारू येतात, त्यांचा पोशाख बहुधा पारध्याचा असतो, आणि त्यांच्या तोंडी पारध्यांच्या बोलीची नक्कल असते. लोक हसतात. याजकाला शेंडी व पंचा असतो, लेव्याच्या काखेत कुळकर्ण्याचे दप्तर असते; तेव्हा लोक अधिक हसतात. आणि शोमरोनी? तो आपल्यापैकीच एक होतो, पांढरा सदरा घातलेला, हाती शास्त्र घेतलेला.

आपल्या आजोबांच्या काळी हे अगदी बरोबर होते. ते खरोखरच त्या गावाचे शोमरोनी होते. त्यांना या दृष्टांतात स्वतःला पाहण्याचा अधिकार होता, आणि त्या दर्शनाने त्यांना बळ आले. परंतु प्रभूने हा दृष्टांत शोमरोन्यांना सांगितला नव्हता. तो एका शास्त्र्याला सांगितला. म्हणजे ज्याला वचने पाठ होती, ज्याला मंडळीत मान होता आणि ज्याला शोमरोनी मनुष्याचा तिटकारा होता, त्याला. दृष्टांत संपल्यावर त्या शास्त्र्याच्या तोंडून शोमरोनी हा शब्दही निघत नाही. ज्याने दया केली तो, असे म्हणून तो वेळ मारून नेतो (लूक १०:३७). ज्यांच्या घरावर आता स्लॅब पडला आहे, ज्यांची मुले परभणीला व औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) शिकावयास आहेत, ज्यांना शास्त्राची वचने तोंडपाठ आहेत, त्या आपल्या पिढीची जागा ह्या दृष्टांतात कोणती, हे नाटक बसविणाऱ्याने ठरविले पाहिजे. आमच्या मते ती त्या शास्त्र्याची आहे. आणि तसे असेल तर शोमरोन्याचा पोशाख कोणाला द्यावयाचा, हे उघड आहे.

याचा अर्थ परक्या मनुष्याला देवदूत करून दाखवावे असा नव्हे. लूकाने तसे केलेले नाही. एकच अध्याय मागे, ९ व्या अध्यायात, शोमरोन्यांचे एक गाव प्रभूला उतरावयास जागा देत नाही, आणि याकोब व योहान रागावून त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची गोष्ट बोलतात. लूक हे दोन्ही लिहितो; जागा न देणारे शोमरोनी आणि जखमा बांधणारा शोमरोनी. गावाबाहेर पाल पडले आणि त्याच आठवड्यात कोणाची कोंबडी गेली, तर ती पालातल्याने नेलीही असेल, किंवा शेजारच्याने नेली असेल. चौकशीपूर्वी उपदेशकाने जे वाक्य बोलावे ते चौकशीनंतरही त्याला गिळावे लागू नये, इतकी खबरदारी पुरे आहे. कै. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले जुने सोवळे कसे हळूहळू सुटत गेले हे हसत हसत सांगितले आहे. ज्यांना एका दिवसात सर्व साधत नाही त्यांनी ते पुस्तक जवळ ठेवावे.

लेवीय १९:३३, ३४ येथे उपऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी अशी आज्ञा आहे आणि तिला कारण जोडलेले आहे : तुम्हीही मिसरात परदेशी होता. ही आठवण आपल्याला फार मागे जाऊन आणावी लागत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. तेथे ती फडाशेजारी कोप्या घालून राहतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. कारखान्याला इतके कोयते हवे, मुकादमाने इतके कोयते आणिले. नावे विचारण्याचे कारण पडत नाही. त्या कुटुंबांत आपल्या मंडळ्यांतले सभासदही असतात. ती घरी परत आली म्हणजे त्यांना अभ्यासवर्गात रूथचा २ रा अध्याय वाचावयास द्यावा, आणि त्या फडात पाणी कोठून प्यावे लागले, शाळा बुडालेल्या मुलांना तिकडे काय म्हणून हाक मारीत, हे त्यांनाच सांगू द्यावे. उपदेशकाने मध्ये बोलू नये. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एखाद्या वहीत लिहून घ्यावे, सांगणाराचे नाव त्याच्या संमतीने वर घालून.

ह्या पाठासाठी तीन रविवार ठेवावेत. पहिल्या रविवारी उत्पत्ति १६, आणि हागारेला कोण कोणत्या शब्दाने संबोधितो हे मुलांकडून बोटाने दाखवून घ्यावे. दुसऱ्या रविवारी रूथ २, शक्य असेल तेथे एखाद्या खळ्यावर बसून. ज्या बायांनी सरवा वेचला आहे त्यांस प्रथम बोलू द्यावे. तिसऱ्या रविवारी लूक १०. गावाबाहेर कोणाचे पाल उतरलेले असेल तर त्या शनिवारी संध्याकाळीच उपदेशकाने दोन वडील सभासदांस बरोबर घेऊन तेथे जावे, घरधन्याचे, बाईचे व मुलांचे नाव विचारून घ्यावे, आणि त्यांनी पाणी पुढे केल्यास ते प्यावे.